आजीच्या हातातली विळी काढून घेऊ नका

साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाची नजर अधू झाली की घरात एक ठराव न मांडताच मंजूर होतो. विळी माळ्यावर जाते, गॅसपाशी जायला बंदी होते, पासबुक मुलाच्या कपाटात जातं, भाजीची पिशवी खुंटीला लागते. "आता वय झालं, आराम करा," या बोलण्यात माया असते, यात शंका नाही. पण त्या आरामाने माणूस आधी गुडघ्यांनी आणि मग मनाने खचतो, आणि दोष मात्र डोळ्यांच्या माथी जातो. या ठरावाच्या बाजूने सांगितली जाणारी कारणं एकेक करून तपासली पाहिजेत, कारण त्यातली बरीचशी ऐकीव आहेत.

"वय झालं की दिसत नाहीच." वय हे काही रोगाचं नाव नाही. मोतीबिंदू असेल तर शस्त्रक्रियेने नजर परत मिळते. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, पण रोज नेमाने थेंब घातले तर उरलेली बहुतेकांच्या बाबतीत टिकवता येते. मधुमेहाने पडदा बिघडत असेल तर साखर आटोक्यात आणून आणि वेळेवर उपचार करून बरंच वाचतं. म्हातारपणी पडद्याचा मधला भाग, म्हणजे मॅक्युला, झिजतो तेव्हा त्याचेही दोन प्रकार असतात. कोरडा प्रकार सावकाश वाढतो. ओल्या प्रकारात पडद्याखाली नको त्या रक्तवाहिन्या फुटतात आणि दाराची चौकट, खिडकीचे गज अचानक वाकडे दिसू लागतात. डोळ्यात द्यायच्या इंजेक्शनांनी तो बहुधा रोखता येतो, मात्र ती लवकर द्यावी लागतात. "वय झालं" म्हणत घालवलेले महिने इथे नजरेच्या मोलाने मोजावे लागतात.

"पण डॉक्टरच म्हणाले, आता काही करता येणार नाही." डॉक्टर पडद्याबद्दल बोलत होते, ऐकणाऱ्यांनी ते आयुष्याबद्दल ऐकलं. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टीची व्याख्या आहे: चष्मा लावूनही चांगल्या डोळ्याची नजर ६/१८ पेक्षा कमी आणि ३/६० पर्यंत. म्हणजे या माणसाला दिसतं, कमी दिसतं. त्या उरलेल्या नजरेचं काय करायचं हे शिकवणारी एक वेगळी शाखाच आहे. नजर किंचित बाजूला ठेवून पडद्याच्या शाबूत भागाने पाहण्याचा सराव ती करून घेते, योग्य ताकदीचं भिंग निवडून देते आणि ते किती अंतरावर धरायचं हे दाखवते. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेत असं पुनर्वसन केंद्र आहे. मुंबईची नॅब, म्हणजे नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड, १९५२ पासून दृष्टिहीनांसाठी काम करते आहे. तरीही नेत्रतज्ज्ञाच्या खोलीतून बाहेर पडताना रुग्णाच्या हातात या वाटेची चिठ्ठी क्वचितच असते. माझ्या मते आपल्या नेत्रसेवेतली ही सर्वांत मोठी उणीव आहे. शस्त्रक्रियांच्या आकड्यांचा आपल्याला अभिमान वाटतो, पण ज्यांच्यावर शस्त्रक्रिया होऊ शकत नाही त्यांना आपण नुसतं घरी पाठवतो.

आता सर्वांत दुखावणारा आक्षेप. "नाटक करतात. सुईत दोरा ओवता येत नाही म्हणतात, आणि जमिनीवर पडलेलं शेंगदाण्याचं टरफल बरोबर दिसतं!" मॅक्युला गेलेल्या माणसाचं अगदी असंच होतं. त्याच्या नजरेचा मधला भाग पुसला जातो आणि कडेचा शाबूत राहतो. समोर बसलेल्या नातीचा चेहरा दिसत नाही, पण दारातून शिरलेली मांजर दिसते. रस्त्यात ओळखीचं कुणी हसलं तर उत्तर देता येत नाही, आणि गावभर होतं की जोशीकाकूंना हल्ली ताठा चढला. काचबिंदूत याच्या उलट: चेहरा दिसतो, पण पायरी आणि बाजूने येणारी रिक्षा दिसत नाही. यात नाटक नाही, पडद्याचा कुठला भाग गेला एवढाच प्रश्न आहे. संशय घेणाऱ्या मुलासुनांनी एकदा डॉक्टरांसोबत बसून हे समजून घ्यावं. त्या घरातली निम्मी कटुता त्याच दिवशी संपेल.

याच्याच पोटात आणखी एक गोष्ट आहे आणि ती बोलायला म्हातारी माणसं घाबरतात. नजर बरीच गेली की काहींना नसलेली माणसं, फुलं, जाळीदार नक्षी दिसू लागते. जिनिव्हाचे निसर्गअभ्यासक शार्ल बोने यांनी १७६० मध्ये आपल्या आजोबांच्या बाबतीत हे नोंदवून ठेवलं. ही दृश्यं खरी नाहीत हे त्या माणसाला बहुधा कळत असतं. डोळ्यांकडून येणारी खबर कमी झाली की मेंदू स्वतःच चित्रं उभी करतो. हे वेड नव्हे आणि बाहेरची बाधाही नव्हे. नेत्रतज्ज्ञाला सांगितलं की निम्मी भीती जाते. देवऋष्याकडे नेलं की ती दुप्पट होते.

"डोळ्यांना ताण दिला तर उरलंसुरलंही जाईल." वाचल्याने डोळे थकतील, चुरचुरतील, पण पडदा झिजत नाही. उरलेली नजर वापरायचीच असते. तिला हवा असतो प्रकाश. साठीच्या माणसाच्या पडद्यापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत जेमतेम एक तृतीयांश उजेड पोचतो. म्हणून छताची ट्यूबलाइट पुरत नाही. मान वळणाऱ्या दिव्याचा उजेड खांद्याच्या बाजूने थेट पानावर पाडावा लागतो.

"पडतील, भाजतील, चिरून घेतील." हा आक्षेप खरा आहे आणि त्याला हसण्यावारी नेता येणार नाही. पण उपाय चुकीचा आहे. खुर्चीत बसवून ठेवलेल्या माणसाच्या मांड्यांतलं बळ जातं, तोल जातो आणि तो न्हाणीघरापर्यंत जाताना पडतो. धोका घरातून काढायचा असतो, त्यासाठी माणसाला कामातून काढायची गरज नाही. पायऱ्यांच्या कडेला गडद पट्टी लावा. निसरडी पायपुसणी उचला. गॅसचं बटन बंद असताना जिथे थांबतं तिथे एक फुगीर टिकली चिकटवा, बोटाला कळते. साखरेच्या डब्याला रबरबँड लावा, मिठाचा तसाच ठेवा. पांढरा भात गडद ताटात वाढा, दूध गडद कपात ओता. आणि वस्तूची जागा बदलायची तर विचारून बदला. फोडणी तडतडली हे कान सांगतो, कांदा परतला हे नाक सांगतं. विळीचं पातं तर एका जागी स्थिर असतं. जन्मभर भाजी चिरलेल्या हाताला ते बघून शोधावं लागत नाही. आजीला स्वतःलाच भीती वाटत असेल तर गोष्ट वेगळी, पण तो निर्णय तिचा आहे.

"या वयात नवं काय शिकणार?" जी माणसं सत्तरीत व्हॉट्सॲप शिकली, ती फोनचा टॉकबॅकही शिकतात. फोन त्यांना मराठीत वाचून दाखवतो. नव्या नोटांवर बोटाला जाणवणाऱ्या उंच रेघा आहेत, शंभराच्या कडेला चार आणि पाचशेच्या कडेला पाच. नोट ओळखून तिची किंमत बोलून सांगणारं 'मनी' ॲप रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये आणलं. तेव्हा व्यवहार हातातून काढून घ्यायचं कारण राहत नाही. अडतं ते पांढऱ्या काठीपाशी. लोक काय म्हणतील या धास्तीने किती माणसं ती घेत नाहीत आणि फिरायला जाणंच सोडून देतात! काठी पुढचा खड्डा सांगते आणि समोरून येणाऱ्या स्कूटरवाल्यालाही सावध करते. तिची लाज वाटावी असं तिच्यात काहीही नाही.

काही गोष्टी सोडाव्याच लागतात. गाडी चालवणं सोडावं लागतं, आणि त्यात तडजोड नको, कारण तिथे दुसऱ्याचा जीव असतो. नजर गेल्याचं दुःखही खरं आहे. ते करू द्यावं, "तुम्ही मन खंबीर करा" म्हणून दाबू नये. थोरांच्या गोष्टी सांगून लाजवण्यातही अर्थ नाही. अमेरिकी चित्रकार जॉर्जिया ओ'कीफ हिची मधली नजर मॅक्युला झिजल्याने गेली आणि तरी ती नव्वदीत काम करत होती. पण त्या गोष्टीतला मला महत्त्वाचा वाटणारा भाग वेगळा आहे. तिला मदतनीस होते आणि त्यांनी तिच्या हातातलं काम काढून घेतलं नाही.

म्हणून मुलांना, सुनांना, लेकींना एक विनंती. पुढच्या तपासणीला सोबत जा. डॉक्टर "आता काही करता येणार नाही" म्हणाले की उठू नका. अल्पदृष्टीची तपासणी कुठे होते, भिंग कुठलं घ्यायचं, काठीने चालायला कोण शिकवेल, दिव्यांग प्रमाणपत्र मिळेल का, हे चार प्रश्न विचारा आणि उत्तर लिहून घ्या. घरी आल्यावर माळ्यावरची विळी खाली काढा आणि ती हवी आहे का, हे आईलाच विचारा.