साखरपुडा झाला, लग्न केव्हा?

१४ ऑक्टोबर १९९७ रोजी भारताने संयुक्त राष्ट्रसंघाच्या छळविरोधी करारावर स्वाक्षरी केली. अनुसमर्थन मात्र अद्याप नाही. साखरपुडा उरकून वर्षानुवर्षे लग्न लांबवणाऱ्यास लोक काय म्हणतात, हे वाचकांस सांगणे नलगे.

‘आपले कायदे पुरेसे आहेत,’ असे उत्तर मिळते. ते आम्हांस मान्य नाही. पुरेसे असते, तर २०१० साली लोकसभेने छळप्रतिबंधक विधेयक संमत कशासाठी केले? राज्यसभेच्या प्रवर समितीकडे गेलेले ते विधेयक २०१४ साली लोकसभेबरोबरच व्यपगत झाले. २०१७ साली विधी आयोगाने अनुसमर्थनाची शिफारस केली; तीही पडून आहे.

‘करारामुळे सार्वभौमत्व जाईल,’ हा दुसरा आक्षेप. पण करार आपोआप कायदा होत नाही. राज्यघटनेच्या कलम २५३ अन्वये तो कायद्यात उतरवते ती आपलीच संसद. अनुसमर्थनाने काय साधते, हे विशाखा खटल्याने दाखवले. स्त्रियांविषयीच्या कराराचा आधार घेऊन सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्ध नियम घालून दिले. संसदेचा कायदा यावयास २०१३ साल उजाडले. उलट, २०११ साली डेन्मार्कच्या न्यायालयाने पुरुलिया शस्त्रप्रकरणातील आरोपी भारतात छळ होईल या भीतीपोटी आपल्या स्वाधीन करण्यास नकार दिला. सार्वभौम राष्ट्राची मान कशाने खाली गेली, करार केल्याने की टाळल्याने?

कोठडीत मार खाणाऱ्याला साखरपुड्याची अंगठी दाखवून भागत नाही.