लेणी कुणाची, हे भिंतीच सांगतात!

पुणे-नाशिक महामार्गाने राजगुरुनगर आणि आंबेगाव तालुक्यातले मंचर मागे टाकले, की नारायणगावहून जुन्नरचा फाटा लागतो. सुटीच्या दिवशी या रस्त्यावर गाड्यांची रीघ असते. कुणी अष्टविनायकाला, तर कुणी शिवनेरीला निघालेले असते. पण ज्या डोंगरांवर ही गर्दी चढते, ते डोंगर दोन हजार वर्षांपूर्वी कुणी आणि कशासाठी कोरले, हे विचारणारे किती?

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत दोनशेच्या आसपास बौद्ध खोदकामे आहेत. पण आज त्यांची नावे काय? गणेश लेणी, तुळजा लेणी, भीमाशंकर लेणी, अंबा-अंबिका लेणी! लेण्याद्रीचे सातवे लेणे हा वीस खोल्यांचा भिक्खूंचा विहार; तेथे आज गिरिजात्मजाची पूजा चालते. शेजारचे सहावे लेणे चैत्यगृह आहे. त्यावरचा लेख सांगतो, की हे कल्याणच्या हेरणिकाच्या म्हणजे सोनाराच्या मुलाचे, सुलसदत्ताचे दान आहे. बाप्पाचे दर्शन घेऊन परतणाऱ्याला ब्राह्मी येत नसेल, तर ती अक्षरे म्हणजे दगडावरचे ओरखडेच!

हे लेख काही अज्ञात नाहीत. जेम्स बर्जेस आणि पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी 1881 सालीच ते छापले. ते वाचले की डोळे उघडतात. शिवनेरीच्या पोटात चिट नावाच्या यवनाने भिक्खूसंघाला भोजनमंडप दिला. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दिले. मानमोडीवर नहपान राजाचा अमात्य अयम याचे दान आहे. आणखी एका लेखात बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींचा उल्लेख आहे. या श्रेणींनी दरमहा ठरलेली रक्कम द्यायची होती.

बांबूकाम करणारा बुरूड समाज आज अनुसूचित जातींच्या यादीत आहे. त्याच कामावर जगणाऱ्यांच्या श्रेणीवर तेव्हा संघाच्या ठेवी सोपवल्या जात होत्या! परदेशी यवन, सोनाराचा मुलगा, राजाचा अमात्य आणि बांबू सोलणारे हात, सगळ्यांना या डोंगरांत जागा होती. याच तालुक्यातील नाणेघाटात सातवाहन राणीच्या लेखात यज्ञांची आणि दक्षिणेत दिलेल्या हजारो गाईंची यादी आहे. दोन्ही लेख समोरासमोर ठेवून वाचावेत. कोणत्या परंपरेत श्रमणाऱ्याला मान होता, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

नाव पुसले की इतिहास पुसला जातो, हे जगभर घडले आहे. अमेरिकेतील मेसा व्हर्दे येथे कड्यांच्या कपारीत प्युब्लो लोकांच्या पूर्वजांनी बांधलेली घरे आहेत. 1906 साली तेथे राष्ट्रीय उद्यान झाले. ती बांधणाऱ्यांना मात्र अनेक दशके ‘अनासाझी’ म्हटले गेले. हा नवाहो भाषेतला, म्हणजे दुसऱ्यांनी दिलेला शब्द; त्याचा अर्थ ‘शत्रूंचे पूर्वज’ असाही लावला जातो. वंशजांनी हरकत घेतली आणि आज तेथे ‘पूर्वज प्युब्लो’ असेच म्हटले जाते. तिथे हे होऊ शकते, तर जुन्नरला का नाही?

आमची मागणी कुणाची पूजा बंद पाडण्याची नाही. लेण्याद्री 1909 पासून संरक्षित स्मारक आहे. तेव्हा पुरातत्त्व खात्याने प्रत्येक शिलालेखाशेजारी त्याचा मराठी अर्थ लावावा. रस्त्यावरच्या फलकांवर ‘बौद्ध लेणी’ हे शब्द आधी यावेत. तालुक्यातील शाळांच्या सहली केवळ दर्शनापुरत्या न राहता या भिंतींपर्यंत जाव्यात.

आणि आपण? बुद्धगयेला जाण्यासाठी आपण वर्षभर पैसे साठवतो, पण एका दिवसात जाऊन येता येईल असे जुन्नर आपल्याला परके! बौद्ध बांधवांनी मुलाबाळांसह तिथे जावे. चैत्यापुढे वंदना घ्यावी, भिंतीवर आपले नाव मात्र कोरू नये. तिथे आपल्या पूर्वजांची नावे आधीच आहेत. वस्तीवस्तीच्या विहारात धम्मलिपीचे वर्ग चालवावेत. ज्याला भिंत वाचता येते, त्याला कुणी खोटा इतिहास सांगू शकत नाही. बाबासाहेबांनी शिका म्हटले, ते यासाठीही!