आजीची मांडी आणि गाडीचा वेग

चातुर्मास लागला की अहिल्यानगरच्या व्यापारी घरांतील रविवारचे स्वरूप बदलते. दुकानाची सुटी साधून पहाटेच गाडी निघते. कधी पाथर्डीकडे, कधी पुण्याला, कधी संतदर्शनासाठी त्याहून लांब. सात आसनांच्या गाडीत आठ-नऊ माणसे बसतात. डिकीत डब्यांच्या पिशव्या, आसने आणि थर्मास. सर्वांत लहान प्रवासी, म्हणजे दीड-दोन वर्षांचा नातू, दादीजींच्या मांडीवर. त्याच वेळी घरातील माळ्यावर एक मोठा खोका पडून असतो. बाळाच्या मामाने हौसेने पाठवलेली कार सीट त्यात असते, आणि ती एकदाच उघडून पुन्हा बांधलेली असते.

तो खोका माळ्यावर का गेला, याचे उत्तर बहुतेक घरांत सारखेच मिळते. सुनेने सीट गाडीत बसवण्याचा विषय काढला, तेव्हा दादीजी म्हणाल्या, "माझी चार मुलं याच मांडीवर बसून नगर-पुणे करत मोठी झाली. आता लेकराला खुर्चीत बांधून न्यायचं का?" सून म्हणाली, "मम्मीजी, मांडी तुमचीच हवी, पण गाडी थांबल्यावर." विषय तिथेच थांबला, कारण घरात मोठ्यांपुढे त्याहून अधिक बोलण्याची रीत नसते.

दादीजींचे म्हणणे खोटे नाही. त्यांची मुले सुखरूप वाढली. परंतु त्या काळची गाडी ज्या वेगाने शिरूरपर्यंत पोहोचत असे, त्याच्या दुप्पट वेग आजच्या चौपदरी रस्त्यावर सहज गाठला जातो आणि आत बसलेल्याला तो जाणवतही नाही. शिवाय ज्या घरांतील मूल त्या काळी मांडीवरून सुटले, त्या घरांत ही गोष्ट कोणी अभिमानाने सांगत नाही. ती सांगितलीच जात नाही.

मांडीचा प्रश्न वात्सल्याचा नसून वजनाचा आहे, आणि दाळ मंडईत आयुष्य घालवलेल्या माणसाला वजन समजावून सांगावे लागत नाही. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून एका सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर आतल्या प्रत्येक वस्तूला आपल्या वजनाच्या सुमारे चौदा पट जोराचा धक्का बसतो. १२ किलोच्या बाळाला धरून ठेवण्यासाठी त्या क्षणी सुमारे १७० किलो पेलण्याची ताकद हातांत लागते. म्हणजे पावणेदोन क्विंटलला थोडेच कमी. ५० किलोच्या तीन गोण्यांहूनही जास्त. एक गोणी उचलायला हमाल लागतो, आणि इथे तर सावध होण्यासही वेळ नसतो. ताकदवान बापाच्या हातातूनही बाळ सुटणारच. दुसऱ्या रीतीने हिशेब केला, तर या वेगाने आदळणे म्हणजे तिसऱ्या मजल्याच्या उंचीवरून खाली पडणे. आईने आपल्या पट्ट्यात बाळालाही गुंडाळून घेणे हा उपाय तर त्याहून घातक आहे. आईच्या शरीराचा सारा भार मधल्या बाळावर येतो.

मागच्या सीटवर काही होत नाही, हा दुसरा समज. पाथर्डी तालुक्यातील भगवानगडाशी ज्यांचे जवळचे नाते होते ते गोपीनाथ मुंडे ३ जून २०१४ रोजी दिल्लीत, शहरातल्या रस्त्यावर, गाडीच्या मागच्या आसनावर बसलेले असतानाच अपघातात गेले. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे सहप्रवासी जहांगीर पंडोल गेले. दोघेही मागे बसले होते. पुढच्या आसनांवरील दोघे जखमी झाले, पण वाचले. गाडी महागडी होती, एअरबॅगही होत्या. या दोन्ही अपघातांनंतर मागे बसणाऱ्याने पट्टा लावावा की नाही याची चर्चा महाराष्ट्रात बरीच झाली. मागच्या सीटवरील बाळाची चर्चा मात्र झाली नाही.

कायदा याबाबत संदिग्ध नाही. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीतील कलम १९४-ब नुसार चौदा वर्षांखालील मुलाला पट्टा किंवा बालकांसाठीची सुरक्षित आसनव्यवस्था नसेल, तर एक हजार रुपये दंडाची तरतूद आहे. दुचाकीवर नेल्या जाणाऱ्या नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलांसाठी पट्ट्याचे कवच, हेल्मेट आणि ताशी ४० किलोमीटरची मर्यादा असा वेगळा नियम फेब्रुवारी २०२३ पासून लागू आहे. कापड बाजारातून स्कूटरवर पुढे उभे राहून जाणारे बाळ पाहिले की या नियमाची आठवण कोणालाच नसल्याचे दिसते. पण हजार रुपयांच्या भीतीने खोका माळ्यावरून खाली येणार नाही, हेही तितकेच खरे.

गाड्यांची परीक्षा घेणे ही गोष्ट नगरकरांना परकी नसावी. शहराजवळच्या वाहननगरातील संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था केंद्रीय मोटार वाहन नियमांतील नियम १२६ नुसार मान्यता असलेल्या चाचणी संस्थांपैकी एक आहे. गाड्या प्रत्यक्ष आदळवून त्यांना तारे देणारी 'भारत एनकॅप' ही योजना १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झाली. तिच्यात मोठ्यांच्या आणि मुलांच्या सुरक्षिततेचे तारे वेगवेगळे दिले जातात. दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलांएवढे पुतळे कार सीटमध्ये बसवून ही परीक्षा होते. नवी गाडी घेताना शोरूममध्ये छताची काच आणि पडद्याचा आकार पाहण्यात जितका वेळ जातो, त्यातला थोडा मुलांच्या ताऱ्यांसाठी द्यावा. पण मुलांसाठी मिळालेले ते तारे सीटमध्ये बसवलेल्या पुतळ्याचे असतात, मांडीवरच्या बाळाचे नसतात.

सीट निवडताना बाळाचे वय हा केवळ अंदाज असतो. खरा आधार वजन आणि उंची यांचा, तेव्हा दुकानात जाण्यापूर्वी दोन्ही मोजावेत. सीटवर नारिंगी रंगाचे लेबल असते. त्यावर वर्तुळात इंग्रजी 'ई' अक्षर व आकडा, आणि सोबत '४४.०४' किंवा 'आर-१२९' ही मानकाची खूण दिसावी. पहिले जुने मानक वजनावर चालते: १३ किलोपर्यंत, ९ ते १८ किलो, १५ ते २५ किलो असे त्याचे गट आहेत. दुसरे नवे आहे, ते उंचीवर चालते आणि बाजूने बसणाऱ्या धडकेचीही परीक्षा घेते. भारतीय मानक 'एआयएस-०७२' या नावाने ओळखले जाते. यांपैकी एकही खूण नसलेली, कापडी गादीला चार पट्टे शिवलेली स्वस्त वस्तू 'कार सीट' म्हणूनच विकली जाते. ती घेऊ नये. मालाचा शिक्का पाहिल्याशिवाय जो व्यापारी सौदा करत नाही, त्याने इथेही शिक्काच पाहावा.

याच जागी काटकसरीचा प्रश्न येतो. पाळणा, झबली, चांदीची वाटी या गोष्टी एका बाळाकडून दुसऱ्याकडे जाणे ही आपल्या घरांची रीत आहे आणि ती चांगली आहे. कार सीट मात्र विचार करून घ्यावी. एकदा मोठ्या अपघातातून गेलेली सीट बाहेरून धड दिसली तरी आतून निकामी झालेली असू शकते. प्लास्टिकवर मुदतीची किंवा निर्मितीची तारीख असते, ती पाहावी. सख्ख्या नात्यातील, इतिहास पूर्ण माहीत असलेली, सूचनापुस्तिकेसह मिळालेली सीट चालेल. अनोळखी माणसाकडून जुनी सीट घेऊ नये.

सर्वांत जास्त वाद होतो तो बाळाचे तोंड कोणत्या दिशेला असावे यावर. पाठमोऱ्या सीटमध्ये बाळाचे तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे असते. घरातील मोठ्यांना हे विचित्र वाटते. पाय दुमडतात, बाहेरचे दिसत नाही, असे ते म्हणतात. पण लहान मुलाचे डोके शरीराच्या मानाने फार मोठे व जड असते आणि मानेचे मणके अजून पुरते घट्ट झालेले नसतात. समोरून धडक बसली की पुढे तोंड करून बसलेल्या बाळाचे धड पट्ट्यांत अडकते आणि डोके तेवढे पुढे फेकले जाते. सारा ताण मानेवर येतो. पाठमोऱ्या बाळाचे डोके, मान आणि पाठ एकत्रच सीटच्या पाठीत दाबली जातात. स्वीडनमधील प्राध्यापक बर्टिल आल्डमन यांनी १९६४ च्या सुमारास अशी पहिली सीट तयार केली, ती उड्डाणाच्या वेळी पाठीवर टेकून बसणाऱ्या अंतराळवीरांवरून सुचून. आर-१२९ मानकानुसार पंधरा महिन्यांपर्यंत पाठमोरे बसवणे आवश्यकच आहे, आणि त्यानंतरही सीटच्या मर्यादेत जितके शक्य तितके दिवस ते चालू ठेवावे. म्हणून घेताना विचारावे, की ही सीट पाठमोरी किती किलोपर्यंत चालते. आकडा जितका मोठा तितके बरे. दुमडलेल्या पायांची काळजी नको. मुले घरीही मांडी घालूनच बसतात. एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या आसनावर पाठमोरी सीट कधीही ठेवू नये. फुगणारी एअरबॅग थेट बाळाच्या डोक्यामागे आदळते.

मोठ्या कुटुंबाच्या गाडीत सीटची जागा ठरवणे हेही एक काम असते. बहुतेक गाड्यांत आयसोफिक्सची लोखंडी कडी मधल्या रांगेच्या दोन्ही कडांना, पाठ आणि बैठक यांच्या फटीत असतात. डावी बाजू सोयीची, कारण बाळाला रस्त्याच्या कडेने उतरवता येते. आयसोफिक्स असले तरी वरचा पट्टा किंवा जमिनीवर टेकणारा पाय लावल्याशिवाय काम पुरे होत नाही. काही गाड्यांत पायाखाली सामान ठेवण्याचा पोकळ कप्पा असतो. त्याच्या झाकणावर हा पाय टेकवता येतो की नाही, हे गाडीच्या पुस्तिकेत पाहावे. आयसोफिक्स नसेल, तर खांद्यावरून येणाऱ्या तीन बिंदूंच्या पट्ट्याने सीट बांधावी. केवळ कमरेचा पट्टा असलेली मधली जागा साधारणतः त्यासाठी उपयोगी नसते. बसवून झाल्यावर पट्टा जिथून जातो तिथे सीट धरून हलवावी. अडीच सेंटीमीटरहून जास्त हलली, तर पुन्हा बांधावी.

बाळाचे पट्टे तपासण्याची रीत सोपी आहे. बक्कल लावल्यावर खांद्याजवळचा पट्टा चिमटीत धरून पाहावा. घडी धरता आली तर तो सैल आहे. पाठमोऱ्या बाळाचे पट्टे खांद्याच्या पातळीवरून किंवा किंचित खालून निघावेत, पुढे तोंड असलेल्याचे खांद्याच्या पातळीवरून किंवा किंचित वरून. पौष-माघात नगरची थंडी कडक असते आणि पहाटे निघताना आजी बाळाला दोन स्वेटर घालते. जाड स्वेटरवरून आवळलेला पट्टा अपघातात सैल ठरतो, कारण लोकर दबते. स्वेटर काढून पट्टा लावावा आणि वरून शाल पांघरावी. उन्हाळ्यात उलटे होते. मंगल कार्यालयाबाहेर उन्हात उभ्या गाडीतील बक्कल चटका देण्याइतके तापते. सीटवर सुती चादर टाकून ठेवावी. आणि पाच मिनिटांसाठीही बाळाला बंद गाडीत ठेवू नये. बाहेर ३५ अंश असताना काचा बंद केलेल्या गाडीत अर्ध्या तासात तापमान पन्नाशीच्या पुढे जाते.

डब्यांच्या पिशव्यांनाही तोच चौदा पटीचा हिशेब लागू आहे. दोन किलोचा स्टीलचा डबा मागच्या फळीवर मोकळा असेल, तर धडकेच्या क्षणी तो अठ्ठावीस किलोच्या जोराने पुढे येतो. कापडाचे गठ्ठे, नमुन्यांच्या पेट्या, थर्मास, सर्व डिकीत खाली आणि बांधून ठेवावे.

परतीच्या प्रवासाबद्दल मात्र वेगळे सांगावे लागते. चौविहार पाळणाऱ्या घरांत सूर्यास्तापूर्वी घरी पोहोचण्याची घाई असते. ड्रायव्हरला 'जरा लवकर घे' असे सांगितले जाते आणि मागे आई बाळाला पट्ट्यातून काढून घास भरवू लागते. वेग सर्वांत जास्त आणि बाळ सर्वांत मोकळे, असा तो अर्धा तास असतो. पाणी गाळताना आणि दिवा झाकताना जी यतना पाळली जाते, ती इथे सुटते. सुप्याजवळ किंवा घोडेगावजवळ दहा मिनिटे गाडी बाजूला थांबवावी, बाळाने आणि मोठ्यांनी खाऊन घ्यावे, मग निघावे. चालत्या गाडीत बाळाला शेंगदाणे, फुटाणे देऊच नयेत. धक्क्याने घशात अडकतात.

बाळ पहिल्यांदा रडणारच. खोका उघडल्यावर सीट आठवडाभर घरातच, दिवाणखान्यात ठेवावी. त्यात बसून गोष्ट ऐकावी, बाहुलीला पट्टा लावावा. मग गल्लीत एक फेरी, मग बाजारापर्यंत. एकदा रडला म्हणून काढले, की दुसऱ्या वेळी दुप्पट रडतो, हे कोणत्याही आजीला ठाऊक असते. पुण्याला मामाच्या गाडीत जायचे असेल, तर सीट सोबत न्यावी. ज्या घरांत दोन-तीन गाड्या फिरत असतात, तिथे पट्ट्याने बांधता येणारी हलकी सीट जड आयसोफिक्स सीटपेक्षा जास्त वापरली जाते. आणि सीट बांधण्याची रीत घरातील किमान दोघांना, ड्रायव्हर असेल तर त्यालाही, यायला हवी.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्यानुसार अशा आसनांमुळे तान्ह्या बाळांचे अपघाती मृत्यू ७१ टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकतात. दाळ मंडईतल्या दादाजींना मात्र हा आकडा लागला नाही. त्यांना पावणेदोन क्विंटलच पुरले. खोका माळ्यावरून त्यांनीच उतरवून घेतला. आता बाळाच्या शेजारी, स्वतः पट्टा लावून, दादीजी बसतात. त्यांचे बोट मात्र बाळाच्या मुठीतच असते.

दर तीन महिन्यांनी दाराच्या चौकटीवर पेन्सिलीने त्याच्या उंचीची खूण केली जाते. खांदे सर्वांत वरच्या फटीच्या पलीकडे गेले, की पुढच्या मापाची सीट लागेल, आणि सुमारे दीडशे सेंटीमीटर उंची होईपर्यंत उंच बैठक.