निवाड्यापूर्वी तपास

मे महिन्यातील वळवाच्या सरींबरोबर आणि पुढे ऑक्टोबरातील परतीच्या पावसाबरोबर महाराष्ट्रावर जेव्हा विजा कडाडतात, तेव्हा कित्येक घरांतील संगणक एकाएकी बंद पडतात. आणि पुष्कळ वेळा यंत्राचे झाकणही न उघडता 'सगळेच जळले, आता नवा घ्या' असा निवाडा दुरुस्तीच्या दुकानात दिला जातो. तपासावाचून दिलेला हा निवाडा गृहस्थाच्या खिशाला चाट लावतोच, शिवाय त्या यंत्रात साठवलेली छायाचित्रे, हिशेब आणि दस्तऐवज यांचाही अकारण बळी घेतो. म्हणूनच तो निमूटपणे मान्य करू नये, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे.

वीज प्रत्यक्ष संगणकावर क्वचितच पडते. सुमारे ३०,००० अँपिअरच्या घरात जाणारा तिचा प्रवाह जवळच्या खांबावर वा तारेवर उतरला, की त्यातून निर्माण होणारा अतिदाब मुख्यत्वे दोन वाटांनी घरात शिरतो: २३० व्होल्टची वीजवाहिनी आणि इंटरनेटची तांब्याची केबल. पहिल्या वाटेने आलेल्या आघातात बहुधा एसएमपीएस, म्हणजे संगणकाच्या आतील वीजपुरवठ्याचा डबा, प्रथम निकामी होतो आणि मदरबोर्ड पुष्कळदा वाचतो. दुसऱ्या वाटेने आलेला आघात राउटर आणि लॅन पोर्ट यांवर कोसळतो, आणि उरलेला संगणक शाबूत राहू शकतो.

आकाश निवळल्यावर सर्व तारा काढाव्यात, भिंतीतील सॉकेट साध्या दिव्याने पडताळावे, आणि करपट वास किंवा काळवंडलेला डाग आढळल्यास यंत्र पुन्हा चालू करू नये. लॅपटॉप असल्यास अ‍ॅडॅप्टर बाजूला ठेवून तो बॅटरीवर चालतो का, ते पाहावे. मेजावरचा संगणक असल्यास कारागिराकडून दुसरा एसएमपीएस जोडून घ्यावा; मात्र जुना स्वतः उघडू नये, कारण प्लग काढल्यानंतरही त्याच्या कपॅसिटरमध्ये ३०० व्होल्टांहून अधिक दाब काही काळ टिकून राहू शकतो. पंखा फिरूनही पडदा काळाच राहिला, तर आधी दुसरा मॉनिटर आणि मग रॅमची एकेक पट्टी तपासावी. मदरबोर्ड गेल्याचे निश्चित झाले, तरी हार्ड डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडून पाहिल्याखेरीज आतील माहिती गेली असे मानू नये. आणि ती वाचता आली, तर सर्वप्रथम तिची प्रत काढावी, कारण आघात सोसलेला भाग काही आठवड्यांनीही दगा देतो.

जळालेला भाग भंगारात टाकण्याची घाई नको. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या 'भारत गृह रक्षा' या घरविम्यात वीज पडून होणाऱ्या हानीचा अंतर्भाव आहे; मात्र अतिदाबाने विद्युत उपकरणाची झालेली हानी त्यातून वगळलेली असू शकते, म्हणून पॉलिसीतील अपवाद आधी वाचावेत. ज्यांनी तो घेतला असेल, त्यांनी तो भाग, छायाचित्रे आणि कारागिराचा लेखी अहवाल भरपाईच्या दाव्यासाठी जपून ठेवावा.

तथापि खरी तजवीज आधीच व्हायला हवी. अतिदाब जमिनीकडे वळवण्याचे स्पाइक गार्डचे काम अर्थिंग धड असेल तरच नीट पार पडते. आणि अर्थिंगविषयी आयएस ३०४३ ही भारतीय मानकसंहिता उपलब्ध असूनही कित्येक घरांत सॉकेटचे तिसरे छिद्र कशालाच जोडलेले नसते. गृहनिर्माण संस्थांनी दर एप्रिलमध्ये अर्थिंगची मोजणी करून घेऊन तिची नोंद दप्तरी ठेवावी. आणि प्रत्येक कुटुंबाने वादळ जवळ येण्यापूर्वीच केवळ बटण बंद न करता प्लग आणि इंटरनेटची केबल दोन्ही काढून ठेवावीत, कारण उत्तम स्पाइक गार्डही जेथे हात टेकतो, तेथे ही साधी खबरदारी पुरी पडते.