वारशातील रुपया

घरातील वडीलधारे माणूस निवर्तले की काही दिवसांनी त्याची ट्रंक उघडली जाते आणि जुन्या कागदपत्रांखाली पाच-पंचवीस झिजलेली नाणी सापडतात. त्यांत राणीछाप रुपये, चवल्या-पावल्या, क्वचित एखादा भोकाचा पैसा. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यात असे प्रसंग वारंवार यावेत, यात नवल नाही. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत आलेली आणि १९४९ साली जिच्या वस्तीला उल्हासनगर हे नाव मिळाले ती सिंधी मंडळी असोत, की अंबरनाथच्या कारखान्यांसाठी कोकण-घाटावरून आलेले कामगार; प्रत्येकाने गाठीला बांधून आणले ते थोडकेच. आता वारसांपुढे दोनच वाटा असतात. एक सराफाकडे मोडीत घालण्याची, दुसरी लाखो रुपयांच्या जाहिरातीला भुलण्याची.

दोन्ही वाटा अज्ञानाच्या आहेत, आणि ते अज्ञान दूर करण्यास एक भिंग व एक वजनकाटा पुरेसा आहे. साल पुसले गेले तरी आकृतीची बाह्यरेषा बहुधा टिकून असते. राणीच्या मुद्रेभोवती ‘क्वीन’ असल्यास नाणे १८७७ पूर्वीचे, ‘एम्प्रेस’ असल्यास त्या साली वा त्यानंतरचे. १८६२ हे साल मात्र फसवे, कारण तेच साल १८७४ पर्यंत रुपयांवर कोरले जात राहिले. दाढीवाला, मुकुटहीन राजा हा सातवा एडवर्ड. मुकुटधारी दाढीवाला पाचवा जॉर्ज, मुकुटधारी पण बिनदाढीचा सहावा. पाचव्या जॉर्जच्या १९११ च्या रुपयावर राजवस्त्रावरील हत्ती डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली आणि सरकारला तो रुपया मागे घ्यावा लागला. साम्राज्याची अशी फजिती तबकाएवढ्या धातूवर व्हावी, हे गमतीचेच!

किमतीचा हिशेब त्याहून सोपा. जुन्या रुपयाचे वजन एक तोळा, म्हणजे सुमारे ११.६६ ग्रॅम. सराफाच्या तराजूत रुपयाच वजन म्हणून टाकीत असत, तो याचमुळे. त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी, म्हणजे सुमारे १०.७ ग्रॅम. १९४० पासून ती निम्म्यावर आली आणि १९४७ चा रुपया तर निव्वळ निकेलचा. झिजलेल्या सामान्य नाण्याचे मोल बहुतांशी या चांदीइतकेच. संग्राहक अधिक पैसे मोजतो तो ठसठशीत छापाला किंवा दुर्मिळ सालाला. १९३९ चा रुपया दुर्मिळ खरा, पण नेमके त्याचेच नकली नमुने फार. दागिन्यासाठी कडी डाखलेले वा चिंचेने घासून चकचकीत केलेले नाणे संग्राहकाच्या लेखी उतरलेच. तेव्हा निदान घासू तरी नका.

जाहिरातींविषयी रिझर्व्ह बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये सावध केले होते. बँकेचे नाव वापरून, जुन्या नाणी-नोटांच्या खरेदीसाठी आधी शुल्क वा कर मागणाऱ्यांशी बँकेचा काहीही संबंध नाही. विकत घेणाराच आधी विकणाऱ्याकडून पैसे मागतो, ही रीत कोणत्या बाजारातली? तरीही शिकलेसवरलेले फसतात, कारण आजोबांच्या डब्यात घबाड असावे, ही इच्छा फार जुनी. परदेशस्थ नातलगाकडे नाणी पाठविण्यापूर्वीही थांबावे. शंभर वर्षांवरील नाणे १९७२ च्या कायद्यान्वये पुरावस्तू ठरते आणि ते खासगीरीत्या देशाबाहेर नेता येत नाही.

वाटणीचा प्रश्न उरतोच. चार भावंडांत बारा रुपये तीन-तीन असे वाटणे न्याय्य दिसते. पण त्यात एक निकेलचा आणि दोन निम्म्या चांदीचे निघाले की कुरबुर सुरू होते. म्हणून आधी वजन, साल आणि मुद्रा यांची वही करावी. कोणता रुपया आईच्या लग्नातला, कोणता पहिल्या पगारातला, हे सांगणारी मावशी किंवा आत्या हयात असेल, तर तिच्यासमोर बसूनच ती लिहावी. सराफाकडे जायचे ते त्यानंतर.