भांडं उलटं करून वाचा

महिन्यातून एका रविवारी मी नालासोपाऱ्याहून लोकल पकडतो, ग्रँट रोडला उतरतो आणि चालत चोर बाजारातल्या मटण स्ट्रीटवर जातो. पगार शिक्षकाचा, पण छंद जपानी! चिनी मातीच्या जुन्या बशा, फुलदाण्या, लाखेचे डबे आणि रद्दीत आलेली जपानी चित्रकलेची पुस्तकं. घरात त्यासाठी एकच कपाट आहे. मूर्ती, चेहरे मी घेत नाही, अम्मीचं मन राखतो. फुलं, लाटा, डोंगर चालतात.

पहिली बशी घेताना मी वरची नक्षी बघत होतो. दुकानदार चाचांनी ती हातातून घेऊन उलटी केली. म्हणाले, "सर, ऊपर तो सब देखते हैं." खाली 'निप्पॉन' असा शिक्का होता. चाचा चौथी शिकलेले. पण शिक्क्यांचा क्रम तोंडपाठ: आधी 'निप्पॉन', मग 'जपान', मग 'ऑक्युपाइड जपान'. कारण मला पुढे पुस्तकात सापडलं. १८९० च्या कायद्याने अमेरिकेने परदेशी मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. १९२१ पासून 'निप्पॉन' चालेना, 'जपान' लिहावं लागलं. महायुद्धातल्या पराभवानंतर, १९५२ पर्यंतच्या परकीय ताब्याच्या काळात 'ऑक्युपाइड' आलं. पुस्तकाने सांगितलं ते चाचांच्या बोटांना आधीच माहीत होतं.

हा माल मुंबईला नवा नव्हे. १८९३ मध्ये जमशेदजी टाटांच्या साथीने जपानच्या निप्पॉन युसेन कैशा कंपनीने कोबे-मुंबई बोटी सुरू केल्या. इथून कापूस जायचा. पुढे तिकडच्या काडेपेट्या, काचेच्या बांगड्या, चिनी मातीची भांडी आपल्या बाजारात आली. सर रतन टाटांनी जमवलेल्या जपानी वस्तू आज छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. त्यांना आपण आदराने 'संग्राहक' म्हणतो. तीच पारख असलेल्या चाचांना मात्र 'भंगारवाला'.

बोचतं ते हे, की आपणही तसंच म्हणतो. गेल्या वर्षी 'माझे वडील' या निबंधात एका मुलाने लिहिलं, "अब्बूंचा बिझनेस आहे." कसला, ते लिहिलं नाही. त्याचे वडील भंगार घेतात, हे सगळ्या वर्गाला ठाऊक होतं. मुलांनी शिकून पुढे जावं, हे मी रोज सांगतो. पण शिकणं म्हणजे बापाच्या हातातलं ज्ञान लपवणं नव्हे.

कुणी म्हणेल, त्या बाजारात नकली मालही असतो. असतो. पण नकली ओळखायलाही हीच नजर लागते, आणि तिचं सर्टिफिकेट कुठलंच कॉलेज देत नाही. चाचांचा मुलगा आता डिलिव्हरीचं काम करतो. दुकान त्याला नको आहे. तो त्याचा हक्क आहे. पण चाचांबरोबर ही विद्या जाईल, ते नुकसान आपल्या सगळ्यांचं.

म्हणून मी वही घातली आहे. चाचा बोलतात, मी लिहितो: अर्धं उर्दूत, अर्धं मराठीत. आपल्या घरात कुणी जरीवाले, कलईवाले, घड्याळवाले असतील तर त्यांच्याजवळ बसा, विचारा, लिहून ठेवा.

त्या मुलाच्या अब्बूंना मी शाळेत बोलावलं आहे. तांबं आणि पितळ कसं ओळखायचं, ते वर्गाला शिकवणार आहेत.