बदलून पाहू

गाडीच्या दुरुस्तीतले सगळ्यात महागडे शब्द कोणते असतील तर ते 'बदलून पाहू'. म्हणायला अगदी सोपे, ऐकायला आशादायक, आणि दर वेळी खिशातून दोन-तीन हजार काढणारे. आमच्या बेसा भागात हे शब्द मी इतक्यांदा ऐकलेत की आता कुणी म्हणाला तर हात आपोआप पाकिटावर जातो!

आजच्या पोस्टला निमित्त आहे माझ्या पुतण्याची एस्टीम. नातेवाईकांना ती माहीतच आहे. दादाने १९९६ साली घेतलेली, कार्बोरेटरवाली, अर्ध्या खानदानाच्या लग्नात फुलं लावून फिरलेली. दोन वर्षांपूर्वी पुतण्याने तिचं कार्बोरेटर काढलं आणि इंजेक्टर बसवले. ते चालवायला कंपनीचा नव्हे, तर बाहेरून घेतलेला, हवा तसा प्रोग्राम करता येणारा ईसीयू लावला. म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर. हा प्रकार काही अगदी नवा नाही. परदेशातल्या हौशी लोकांनी २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मेगास्क्वर्टसारखे ईसीयू घरी सोल्डरिंग करून बनवायला सुरुवात केली होती. आपल्याकडे अशी हौस करणारे अजून मोजकेच, आणि त्यांचे वडील त्यांच्यावर कायम नाराज. दादाही अपवाद नाही.

या एप्रिलपासून गाडीने रंग दाखवायला सुरुवात केली. सकाळी पहिल्या सेल्फला सुरू. वीस-पंचवीस मिनिटं मख्खन चालणार, मग चालता चालता एकदम ठप्प. धक्के नाहीत, खोकणं नाही, सरळ मेलं इंजिन. अर्धा तास बाजूला उभी ठेवली की पुन्हा सुरू. एकदा बुटीबोरीहून येताना वर्धा रोडवर असंच झालं. मागच्या सीटवर वहिनी आणि मागे हॉर्न मारणारा ट्रक. पुतण्याने गाडी कशीबशी कडेला घेतली. त्या दिवशी दादाने जाहीर केलं, की एकतर तो डबा निघेल, नाहीतर गाडी भंगारात जाईल.

चौकातल्या मेकॅनिकचंही तेच मत. "काका, हे कॉम्प्युटर-बिम्प्युटर काढून फेका. जुना कार्बोरेटर बसवून देतो, टकाटक चालते." पण त्याआधी त्याने बदलून पाहिलं होतंच. आधी प्लग, मग कॉइल, मग पेट्रोल पंप. तीन फेऱ्यांत मिळून साडेनऊ हजार. आणि प्रत्येक वेळी गाडी सुरू झाली!

इथेच खरी गंमत आहे. पंप बदलायला तास-दीड तास लागतो. तेवढ्या वेळात इंजिन गार होतं. गार झालं की ते सुरू होणारच होतं, जुन्या पंपावरसुद्धा. पण श्रेय मिळालं नव्या पंपाला. ताप आपल्या वेळेने उतरतो आणि नाव होतं शेवटच्या गोळीचं, त्यातलाच प्रकार. मेकॅनिक लबाड नव्हता हो. पंप बदलायचं कारणही त्याच्या परीने बरोबर होतं. गाडी बंद पडल्यावर सेल्फ मारला तर पंपाचा आवाज येत नव्हता, प्लगला ठिणगीही नव्हती. कुणीही म्हणेल पंप गेला, कॉइल गेली.

पण या गाड्यांत पंप आणि ठिणगी दोन्ही ईसीयूच्या हुकमावर चालतात, आणि इंजिन फिरतंय याची खात्री पटल्याशिवाय ईसीयू हुकूम देत नाही. ती खात्री त्याला देतो एक अंगठ्याएवढा सेन्सर. क्रॅंकच्या पुलीवर दात्यांचं एक चाक असतं. पुतण्याच्या गाडीत ३६ दात्यांच्या जागा आहेत आणि त्यातला एक दाता मुद्दाम गाळलेला. म्हणजे दर १० अंशांना एक दाता. सेन्सरच्या आत लोहचुंबक आणि त्यावर गुंडाळलेली बारीक तार. दाता समोरून गेला की तारेत विजेची एक छोटीशी लाट उठते. गाळलेल्या जागेवरून ईसीयूला कळतं की पिस्टन आत्ता कुठे आहे. इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर सेकंदाला १७५० लाटा येतात. हा हिशोब चुकला की शहाणा ईसीयू ठिणगी आणि पेट्रोल दोन्ही बंद करतो. चुकीच्या क्षणी ठिणगी पडून पिस्टन फुटण्यापेक्षा गाडी थांबलेली परवडली.

माझा सगळा जन्म कारखान्यातल्या मीटर आणि सेन्सरांत गेला. त्यामुळे मी पुतण्याला एवढंच म्हटलं, की पाना खाली ठेव आणि लॅपटॉप जोडून गाडी फिरवून आण. बंद पडली की मला लॉग दाखव.

लॉग बघताना मला मनापासून आनंद झाला, कारण त्यात सगळं लिहिलेलं होतं. गाडी चौथ्या गिअरमध्ये, वेग साठच्या आसपास, आरपीएम २६००. पुढच्याच नोंदीत आरपीएम शून्य. आता विचार करा. क्लच दाबलेला नाही, गाडी गिअरमध्ये पळतेय, म्हणजे चाकं इंजिनाला फिरवतायतच. इंजिन शून्यावर येणं शक्यच नाही! पेट्रोल संपलं असतं तर आरपीएम गाडीच्या वेगाबरोबर हळूहळू उतरला असता. म्हणजे पंप निर्दोष. बरं, ईसीयूचाच करंट गेला म्हणावं, तर लॉग तिथेच तुटला असता. तो तर चालू होता. पाण्याचं तापमान ९२, बॅटरीचे व्होल्ट, सगळं नीट येत होतं. ईसीयू जिवंत, इंजिन फिरतंय, फक्त मधला निरोप्या गायब. म्हणजे सेन्सर, नाहीतर त्याची वायर. एक रुपयाही खर्च न करता आपण इथपर्यंत आलो.

मग वायर की सेन्सर? इंजिन चालू ठेवून वायर हलवली, वाकवली, वहिनीच्या हेअर ड्रायरने गरम केली. काही नाही. सेन्सर काढला. त्याच्या टोकाला लोखंडाचा बारीक कीस चिकटला होता (आत चुंबक आहे, तो चिकटणारच, आणि त्यानेही सिग्नल बिघडतो). तो पुसला. मल्टीमीटर लावला, साडेसहाशे ओहम. अगदी धडधाकट! गार सेन्सर तपासून 'ओके' म्हणणारे इथेच फसतात. मग स्वयंपाकघरात पातेल्यात पाणी ठेवलं, सेन्सरचं टोक त्यात सोडलं आणि गॅस लावला. वहिनी दारात उभी राहून म्हणाली, "आता गाडीचा रस्सा करून राहिले का भाऊजी?" पाणी तापत गेलं तसा आकडा थोडा थोडा वाढला. तांब्याचा तो स्वभावच आहे, त्यात काही वावगं नाही. पाण्याला बुडबुडे यायला लागले आणि मीटरवरचा आकडाच गेला. सर्किट ओपन. बाहेर काढून गार केला, पुन्हा साडेसहाशे. आतली तार कुठेतरी तुटली होती. गार असताना टोकं एकमेकांना टेकत होती आणि तापल्यावर सुटत होती. २०१३ च्या मे महिन्यात ४७.९ अंश बघितलेल्या या नागपुरात, बॉनेटखाली त्या बिचाऱ्या तारेची काय कथा!

(हा उद्योग करणाऱ्यांसाठी: हा दोन वायरींचा सेन्सर होता. तीन वायरींचा हॉल सेन्सर असेल तर ओहम मोजून काही कळत नाही. त्याला सप्लाय देऊन सिग्नल वर-खाली होतो का ते बघावं लागतं.)

आता माझा मुद्दा. दादा म्हणतो, कॉम्प्युटरमुळे भानगड झाली. मला उलट वाटतं. हा ईसीयू उघड्या पुस्तकासारखा होता म्हणूनच दोष सापडला. कंपनीच्या बहुतेक गाड्यांत चौकातल्या मेकॅनिकच्या हाती स्कॅनरवरचा एक कोड येतो. पी ०३३५ दिसला की 'सेन्सर खराब' म्हणून नवा बसवून मोकळे. पण तो कोड क्रॅंक सेन्सरच्या सर्किटमध्ये गडबड आहे एवढंच सांगतो. त्यात वायरही आली, कनेक्टरही आला. पुढचं मोजायला माहिती लागते, आणि ती माहिती कंपन्या सहजी देत नाहीत. सुटे भाग आणि निदानाची साधनं खुल्या बाजारात मिळू देत नाहीत म्हणून भारतीय स्पर्धा आयोगाने २०१४ साली १४ कार कंपन्यांना मिळून अडीच हजार कोटींच्या वर दंड ठोठावला होता. पुढे प्रकरण अपिलात गेलं. २०२२ च्या डिसेंबरात सरकारने 'राइट टू रिपेअर'चं पोर्टल काढलं. चांगलंच केलं. पण बेसा-मनीषनगर रस्त्यावर टपरीत बसलेल्या माणसापर्यंत त्यातलं किती पोचलं? आणि प्रश्न हौशी पोरांच्या एस्टीमपुरता नाही. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ आलं तेव्हापासून साध्या स्कूटरलासुद्धा इंजेक्शन आलं. ज्या माणसाचा तीस वर्षांचा संसार कार्बोरेटर साफ करून चालला, त्याच्यासमोर आता हे सेन्सर आहेत. त्याला अडाणी म्हणणं सोपं आहे. त्याला सर्किटचा कागद कोणी दिला, हे कोणी विचारत नाही.

नवा सेन्सर पुतण्याने पक्क्या बिलावर घेतला. आधीचा प्लास्टिकच्या पिशवीत, 'ओरिजिनलसारखाच' म्हणून आला होता. दात्यापासून फट पाऊण मिलिमीटर ठेवली, शील्डेड वायर कॉइलच्या वायरींपासून दूर नेली, शील्ड एकाच टोकाला अर्थ केलं. वायरी उलटसुलट झाल्या तर टायमिंग आरपीएमबरोबर सरकतं, म्हणून टायमिंग लाइट लावून तेही बघितलं. नंतर भर दुपारी दोन वाजता वर्ध्यापर्यंत जाऊन आला. लॉगमध्ये आरपीएम एकदाही शून्य नाही. दादा अजून गाडीत बसलेला नाही, पण भंगारवाल्याचा विषय बंद आहे.

मेकॅनिकला जुना सेन्सर नेऊन दाखवला. त्याने तो हातात फिरवून बघितला, मीटर कितीला मिळतो ते विचारलं. मग म्हणाला, "काका, एक स्कूटर आली आहे, गरम झाली का बंद पडून राहिली. संध्याकाळी येता का? येताना ते पातेलं घेऊन या."

वहिनीने पातेलं द्यायला साफ नकार दिलाय.